पखवाजाच्या वह्यांना कागदपत्र म्हणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात इथे इंदूरातच एका जुन्या सरदार घराण्यात मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो होतो, मी पखवाज वाजवतो हे काकूंना माहीत, त्यांनी माडीवरच्या लायब्ररीत नेलं आणि लाल कापडात बांधलेला एक रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचा गठ्ठा, सोडून दाखवला. आत आठ-नऊ वह्या, पत्रं नाहीत, हिशेब नाहीत, सगळे पखवाजाचे बोल, म्हणजे हाताने वाजवायची अक्षरं, आणि थोड्या सतारीच्या गती, अख्खं मोडी लिपीत. घरच्यांनी हे एका ऑफिसात नेलं होतं, तिथे म्हणाले यात इतिहास काही नाही, नुसतं धा धा दिं ता आहे.

अहो, हे थोर पखवाजवादक नाना पानशांचं गाव! होळकरांच्या आश्रयाने इथून पखवाजाचं एक घराणं उभं राहिलं, ती विद्या गुरूच्या हातून शिष्याच्या हातात गेली आणि जी थोडी कागदावर उतरली ती अशाच वह्यांमधून. मग हा इतिहास नाही तर काय?

एक ओळ सांगतो. ‘धुमकिटतकिटतकिटतकागदिगनधा’, मोडीच ती, मधे कुठे जागा नाही. मोडी येणारे माझे मित्र सोबत होते, ते चार-चार अक्षरं तोडून ‘तकिटत किटतका’ असं वाचत गेले. मी मांडीवर वाजवून बघितलं तर ते ‘तकिट तकिट तका’ निघालं, तीन तीन दोन, अक्षरं तीच पण चाल एकदम डुलायला लागली. म्हणजे मोडीवाला एकटा पुरत नाही, आणि मला तर मोडी येतच नाही, दोघं शेजारी बसलो तेव्हा कुठे ओळ बोलली.

जुन्या हस्तलिखितांसाठीचं सरकारचं राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ मध्ये सुरू झालं, किमान ७५ वर्षं जुनं आणि मोलाचं हस्तलिखित त्यांच्या व्याख्येत बसत होतं, त्यात वाजवण्याच्या वह्या नकोत असं कुठेच नव्हतं. ज्यांच्या माळ्यावर असे रुमाल असतील त्यांना हात जोडून सांगतो, वाडा पाडून फ्लॅट करायच्या आधी एकदा उघडून बघा, फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको, उजेडात मोबाईलने फोटो काढून ठेवा आणि एखाद्या वाजवणाऱ्याला घरी बोलवा.

आम्ही दोघं आता दर रविवारी काकूंकडे बसतो. दुसरी वही चालू आहे.

– एक पखवाजवादक, इंदूर