अहवालात ‘स्टॅफ’ आला म्हणून दोष त्याचाच असे नाही

मा. संपादक,
स. न.

आपल्या आरोग्यविषयक पुरवणीत तोंडातील जंतुसंसर्गावर आलेला लेख वाचला. सहसा दुर्लक्षित राहणारा विषय निवडल्याबद्दल आभार. मात्र दात किडण्यापासून दाढेखालच्या गळवापर्यंत सगळ्याचा ठपका लेखात ‘स्टॅफिलोकोकस’ या एकाच जंतूवर ठेवला आहे आणि तोंडाच्या स्वॅबमध्ये तो आढळल्यास प्रतिजैविकांचा कोर्स घ्यावा, असेही सुचवले आहे. जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत आयुष्याचा बराच काळ पेट्री डिश (जंतू वाढवण्याच्या चपट्या बश्या) पाहण्यात गेल्यामुळे या दोन्ही विधानांवर लिहिणे मला भाग वाटते.

पहिली गल्लत नावाची आहे. दात किडवण्यात ज्याचा मोठा वाटा असतो तो स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स, स्टॅफिलोकोकस नव्हे. नावे कानाला जुळी वाटतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली स्ट्रेप्टोकोकस मण्यांच्या माळेसारखा दिसतो आणि स्टॅफिलोकोकस द्राक्षांच्या घोसासारखा. अ‍ॅबर्डीन (स्कॉटलंड) येथील शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० च्या सुमारास गळवांतील पू तपासताना हे घोस पाहिले आणि १८८२ मध्ये ‘द्राक्षांचा घोस’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून जंतूचे नाव ठेवले. पुढे १८८४ मध्ये जर्मन शल्यविशारद रोझेनबाख यांनी सोनेरी वसाहती (डिशमध्ये उगवणारे जंतूंचे ठिपके) धरणाऱ्या जातीला ‘ऑरियस’ म्हटले. प्रयोगशाळेत या दोन कुळांतला फरक ओळखायला हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक थेंब पुरतो : स्टॅफिलोकोकसवर तो फसफसतो, स्ट्रेप्टोकोकसवर गप्प राहतो. इतक्या सहज वेगळे करता येणारे जंतू छापील मजकुरात एक व्हावेत, याचे वाईट वाटते.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. निरोगी माणसांपैकी साधारण दहात तिघांच्या नाकपुड्यांच्या पुढच्या भागात स्टॅफिलोकोकस ऑरियस कोणताही त्रास न देता राहत असतो, आणि त्याचा सौम्य भाऊबंद एपिडर्मिडिस तर जवळजवळ प्रत्येकाच्या त्वचेवर असतो. नाकातून बोटांवर आणि बोटांवरून ओठांवर त्यांची ये-जा चालू असते. कवळी वापरणाऱ्यांच्या आणि लाळ कमी सुटणाऱ्यांच्या तोंडात ते अधिक प्रमाणात टिकतात. म्हणून तोंडात जंतू असणे आणि तोंडाला संसर्ग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यात तपासणीची स्वतःची एक खोड आहे, जी रुग्णांना क्वचितच कुणी सांगते. स्टॅफिलोकोकस हा वाढायला अत्यंत सोपा जंतू आहे. साध्या माध्यमावर (डिशमधील जंतूंच्या खाद्यावर), साध्या हवेत, ३७ अंश सेल्सियसला तो एका दिवसात ठसठशीत वसाहती धरतो, आणि बहुतेक जंतूंना न सोसणारे ७.५ टक्के मिठाचे माध्यमही त्याला चालते. याउलट दाढेच्या मुळाशी होणाऱ्या गळवात बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकोकस आणि प्राणवायू न सोसणारे अनेक जंतू एकत्र नांदत असतात. या दुसऱ्या गटाला हवाबंद पेटी लागते, कित्येक दिवस लागतात आणि नमुना वाटेत हवेला उघडा राहिला तर ते मरून जातात. अशा गळवाच्या तोंडावरून कापसाचा बोळा फिरवून नमुना पाठवला, तर खरे गुन्हेगार डिशमध्ये उगवतच नाहीत आणि वाटेवर भेटलेला स्टॅफिलोकोकस तेवढा अहवालात उतरतो. हजेरीच्या वेळी जो ओरडून ‘हजर’ म्हणाला त्याच्याच नावावर खोडी लिहावी, तसा हा प्रकार आहे.

याचा अर्थ हा जंतू तोंडाच्या बाबतीत निर्दोष आहे, असा मुळीच नाही. ओठांचे कोपरे चिरतात तेव्हा आपण जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणतो. कमतरता असू शकतेही. पण जुनी कवळी झिजून जबडे अधिक मिटू लागले की कोपऱ्यांत लाळ साचते आणि तिथे कँडिडा ही बुरशी व स्टॅफिलोकोकस ऑरियस संगनमताने ठाण मांडतात. तिथे उपचार मलमाचा तर असतोच, शिवाय कवळीचाही असतो. जबड्याच्या हाडाच्या काही संसर्गांतही तो सापडतो.

लेखात ज्याचा उल्लेखच नाही असा एक आजार तर मुख्यतः त्याचाच आहे : कानाच्या पुढे-खाली असलेल्या लाळग्रंथीत पू होणे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळलेल्या, पाणी कमी पोटात जाणाऱ्या वृद्धांमध्ये लाळेचा प्रवाह मंदावतो आणि तोंडातील जंतू नळीतून उलटे ग्रंथीत चढतात. एका बाजूचा गाल अचानक सुजतो, ताप येतो आणि घरातले ‘गालगुंड असेल’ म्हणून शेकत बसतात. गालाच्या आतल्या बाजूला, वरच्या दुसऱ्या दाढेसमोर, त्या नळीचे तोंड असते. ग्रंथी दाबल्यावर तिथून पू आला तर हे गालगुंड नव्हे आणि येथे प्रतिजैविकांना विलंब चालत नाही.

म्हणजेच माझा आक्षेप औषधांना नसून अहवालातील एका नावावरून ती सुरू करण्याला आहे. दाढेखालच्या गळवात पूला वाट करून देणे आणि बिघडलेल्या दातावर उपचार करणे हा मुख्य इलाज आहे. संसर्ग पसरत असेल किंवा ताप असेल, तर औषध त्याच्या जोडीला येते. अनावश्यक कोर्सने नाकातले औषधाला दबणारे जंतू मरतात आणि न दबणाऱ्यांना मोकळी जागा मिळते. १९२८ मध्ये फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा सुगावा लागला तो स्टॅफिलोकोकसच्याच डिशवर. परंतु ते औषध सर्रास वापरात आल्यावर काही वर्षांतच त्याला तोडून टाकणारे विकर (एन्झाइम) बाळगणारे स्टॅफिलोकोकस रुग्णालयांत पसरले. त्यांच्यासाठी मेथिसिलिन आणले, तर १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये त्यालाही न जुमानणारे जंतू नोंदले गेले.

आपण या लेखाची दुरुस्ती छापावी, ही विनंती. ज्या वाचकांच्या हातात असा अहवाल आधीच असेल, त्यांनी औषध सुरू करण्यापूर्वी आपल्या दंतवैद्यांना एवढे जरूर विचारावे, की नमुना सुईने ओढून घेतलेल्या पुवाचा होता की वरवर फिरवलेल्या बोळ्याचा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ