जरीच्या लक्ष्मीची चौकट

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

फोटो पाहिले. आपल्या लक्ष्मीच्या जुन्या छापील चित्राची काच फुटली, पण चित्राला ओरखडा नाही, हे नशीबच. त्या फ्रेमवाल्याचा सल्ला वाचून मात्र माझं डोकं फिरलं. तयार चौकटीत बसत नाही म्हणून खालची पट्टी कापून टाकायची? अरे, त्याच पट्टीवर बारीक इंग्रजी अक्षरांत रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा असं छापलंय. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, मग तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हातात गेला आणि १९७२ मध्ये आगीत जळाला. ही लक्ष्मी नंतर कितीतरी जणांनी छापली. आपली कुठली, हे सांगणारी तेवढी एकच ओळ आहे. कापायचं ते माउंटला, म्हणजे चित्राभोवती बसणाऱ्या, मधे खिडकी कापलेल्या बोर्डाला. चित्राला कात्री लावायची नाही.

चित्रावरचं जरीकाम उसवलंय ते काढून चित्र सपाट करू का, असं विचारतोस. नको. लक्ष्मीच्या साडीवर जर आणि टिकल्या तुझ्या पणजीने बसवल्यात. त्या काळी बऱ्याच घरांतल्या बायका हे करत. छापखान्याने हजारो लक्ष्म्या एकसारख्या काढल्या असतील. हे जरीकाम फक्त आपल्या लक्ष्मीला आहे. म्हणून त्याचा उंचवटा मावेल अशी चौकटच जाड करायची.

तुझ्या मापाने चित्र १४ बाय २० इंच. एरवी माउंटची खिडकी चित्रापेक्षा जराशी लहान ठेवतात, म्हणजे कडा आत दबतात. इथे तसं केलं तर छापखान्याचं नाव झाकलं जाईल. तेव्हा खिडकी चारी बाजूंनी पाव इंच मोठी घे, साडेचौदा बाय साडेवीस. डावी-उजवीकडे आणि वर अडीच इंच समास, खाली तीन. खाली थोडा जास्त नसला की चित्र घसरल्यासारखं दिसतं. बाहेरचं माप साडेएकोणीस बाय सव्वीस होईल.

बोर्ड अ‍ॅसिड-फ्रीच घे, महाग पडला तरी. साध्या पुठ्ठ्यातलं आम्ल वर्षानुवर्षं कागदात उतरतं आणि खिडकीच्या कडेने तपकिरी रेघ उमटते. आपल्या चित्राच्या पाठीवर ज्या काळपट आडव्या रेघा आहेत, त्या मागे ठोकलेल्या लाकडी फळ्यांच्या फटींच्या आहेत.

खिडकी कापताना बोर्ड उलटा ठेव आणि सगळ्या रेघा पाठीवर पेन्सिलीने आख. ४५ अंशांत ब्लेड धरणारा माउंट कटर मिळतो, सोबत जड लोखंडी पट्टी हवी. ब्लेडचं टोक समासाकडे कललेलं हवं, तरच पुढून पांढरी तिरकी कड दिसते. खाली रद्दी बोर्डाचा तुकडा ठेव. ब्लेड बोर्डाच्या पार जाऊन खालच्या तुकड्याला जेमतेम लागेल इतकंच बाहेर काढ. जास्त काढलंस तर ते लवतं आणि कड वाकडी येते. रेघेच्या किंचित आधी सुरुवात, किंचित पुढे शेवट, साधारण बोर्डाच्या जाडीइतकं, आणि मधे न थांबता एका ओढीत. कोपरा सुटला नाही तर ओढू नकोस, तंतू फाटतात. फटीतून साधं ब्लेड त्याच तिरप्यात फिरव. ब्लेड बदलायला चिकटपणा करू नकोस. आधी पाच-सहा खिडक्या रद्दीवर काप. तुझ्या बाबांना हे पटायचं नाही, ते थेट खऱ्यालाच हात घालतात.

टिकल्या काचेला टेकता कामा नयेत. पावसाळ्यात काचेच्या आतून दमट धरलं की टेकलेली वस्तू चिकटते. माउंटच्या पाठीला, खिडकीच्या कडेपासून अर्धा इंच समासाकडे सरकवून, पाच मिलिमीटरच्या फोमबोर्डाच्या (मधे फोम असलेल्या हलक्या बोर्डाच्या) पट्ट्या लाव. आता जाडी मोज: काच दोन, माउंट दीड, पट्ट्या पाच, चित्राखालचा बोर्ड दीड, पाठचा फोमबोर्ड पाच. पंधरा मिलिमीटर झाले. दुकानातल्या चौकटीच्या बऱ्याच लाकडी पट्ट्यांची खाच इतकी खोल नसते, तेव्हा पट्टी खाच मोजूनच घे. तुला आवडलेली ती सोनेरी नक्षीची तशीही नको, जरीवरून नजर उडवते.

चित्र बोर्डाला फक्त वरच्या बाजूने, दोन ठिकाणी, जपानी कागदाच्या (पातळ पण चिवट असतो तो) घडी घातलेल्या पट्ट्यांनी टांगायचं. पट्ट्या पाठीमागे लपतात. चारी बाजूंनी चिकटवलंस तर दमट हवेत कागदाला फुगायला जागा मिळत नाही, तो सुरकुततो. गोंद म्हणून शुद्ध गव्हाच्या स्टार्चची खळ: एका भागाला चार-पाच भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत, गार करून वापरायची. आजी कुरडयांना चीक शिजवायची तसंच, फक्त मीठ-हिंग नाही. खळ अगदी पातळ लाव, कसरीलाही ती आवडते. सेलोटेप आणि सुताराचा पांढरा डिंक घरातून बाहेर काढून ठेव. सेलोटेपचा डाग कागदात मुरतो, तो डिंक सुटत नाही. उद्या कुणाला हे सगळं उघडावं लागलं तर थोड्या पाण्यावर सुटलं पाहिजे.

चित्र पुसू नकोस, ओल्या फडक्याने तर मुळीच नाही. वर व्हार्निश आहे, टिकल्याही सैल आहेत. मऊ ब्रशने पाठीवरची धूळ झटकलीस तरी पुरे. उजव्या कोपऱ्यात काचेचा एक तुकडा अजून चिकटलेला दिसतोय. तो नखाने उचकटू नकोस. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला-संवर्धन केंद्र आहे, त्यांना फोटो पाठवून विचार. तोवर बाकीचं काम थांबव.

टांगायची जागा पश्चिमेच्या खिडकीसमोर नको, पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवरही नको. मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटव, हवा खेळती राहील.

जपानी कागद माझ्याकडे उरलाय, कुरिअरने पाठवते. बोर्ड मात्र तिकडेच घे. इथून पाठवला तर कोपरे दुमडून येतील आणि पुन्हा मलाच फोन करशील.

तुझी,
आई