स्विचवरच्या बोटाबद्दल

काका,

सा. न.

समोर बोलायला गेलो असतो तर "बरं बरं, बॅटरी लाव आता," म्हणून तुम्ही विषय संपवला असता. म्हणून हे लिहून, आणि चारचौघांसमोर.

आपली पहिली भेट झाली तेव्हा मी गवतात गुडघे टेकून माझ्या रिमोटवरच्या विमानाचे फोमचे तुकडे गोळा करत होतो. दिसायला झकास, वेगवान लढाऊ विमान. चित्र बघून घेतलेलं आणि जेमतेम चार सेकंद उडालेलं. "वाऱ्यानं घात केला," असं मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही वाद घातला नाहीत. उरलंसुरलं विमान शेपटी माझ्याकडे करून धरलंत आणि म्हणालात, "स्टिक उजवीकडे ने." उजव्या पंखावरचं एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेची हलणारी पट्टी, खाली गेलं. ते वर जायला हवं होतं! म्हणजे डावीकडे कललेलं विमान सावरायला मी जितका धडपडत होतो, तितका त्याला आणखी डावीकडे लोटत होतो. वारा बिचारा निर्दोष. तुम्ही हसला नाहीत, त्याबद्दल पहिले आभार.

मग तुम्ही मला ते जाड पंखांचं ट्रेनर, म्हणजे शिकाऊंचं विमान, उडवायला लावलंत. पंख धडाच्या वर, दोन्ही टोकं किंचित उचललेली. स्टिक सोडली की ते आपलं आपण सरळ व्हायला बघतं. खरं सांगू? मला ते पोरकट वाटलं होतं. पहिल्या दिवशी तर तुम्ही उडवूच दिलं नाहीत. पंखाच्या रुंदीत पुढच्या कडेपासून पाव ते एक तृतीयांश अंतरावर दोन बोटं टेकवून विमान तोलायचं, नाक किंचित झुकलं तर ठीक, शेपटी झुकली तर बॅटरी पुढे सरकवायची. तासभर हेच. ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, आधी चालू आणि शेवटी बंद, लिपो बॅटरी चार्जिंगला लावून बाहेर जायचं नाही, नुसती ठेवायची असेल तर दर सेलला 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवायची, हेही तेव्हाचंच. (हे शेवटचं मी दोनदा विसरलो. फुगलेली बॅटरी तुम्हाला एकच दिसली.)

विमान लांब जाताना सगळं सोपं असतं. ते वळून आपल्याकडे यायला लागलं की उजवं-डावं उलटं होतं आणि डोकं बंद पडतं. कुणी मला विमानाकडे पाठ करून उभं राहायला सांगितलं होतं, कुणी मनातल्या मनात विमानात बसायला. तुम्ही म्हणालात, "जो पंख खाली गेलाय ना, त्याला स्टिकचा टेकू दे." म्हणजे तो पंख तुझ्या डावीकडे दिसत असेल तर स्टिक डावीकडे. बास. त्या क्षणी विचार करायला वेळच नसतो, आणि या वाक्याला विचार लागत नाही.

पण मुख्य आभार वेगळ्याच गोष्टीचे. आपले दोन ट्रान्समीटर केबलनं जोडलेले असायचे. माझी समजूत अशी, की माझं काही चुकलं की तुम्ही स्विच दाबून विमान ताब्यात घेता. ते नेमकं उलटं होतं, हे फार उशिरा कळलं. तो स्प्रिंगचा स्विच तुम्ही दाबून धरलेला असेपर्यंतच विमान माझं. बोट सुटलं की तुमचं. म्हणजे मी मजेत गिरक्या घेत असताना, प्रत्येक फेरीत, तुम्ही बोट दाबून उभे.

त्या संध्याकाळी वळताना नाक पडलं, विमान झाडांकडे निघालं आणि मी गोठलो. आता काका घेतील, असं वाटलं. तुम्ही फक्त म्हणालात, "थ्रॉटल कमी. पंख सरळ. आता हळू ओढ." विमान शेंड्यांवरून निघालं. मी वळून तुमच्या हाताकडे बघितलं; नख पांढरं पडलं होतं. सोडणं किती सोपं होतं!

उतरवणं शिकायला मात्र मी तुमचा अंत पाहिला. एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची पट्टी) ओढून विमान लांबवायला जायचो, वेग मरायचा आणि ते दगडासारखं पडायचं. उंची थ्रॉटलनं, म्हणजे मोटरच्या जोरानं, वेग एलिव्हेटरनं, हे तुम्ही किती वेळा सांगितलंत याचा हिशेब तुमच्याकडेच असेल.

गेल्या रविवारी तुम्ही न बोलता केबल काढून माझ्या डब्यात टाकलीत, तुमचा ट्रान्समीटर माझ्या हातात दिलात आणि स्वतःचे हात खिशात घातलेत. विमान उतरताना दोनदा उसळलं, पुढचं चाक वाकलं. ते थांबल्यावरच तुमचे हात बाहेर आले, आणि तेही चाक सरळ करायला.

केबल अजून माझ्याकडेच आहे. येत्या रविवारी घेऊन येतो. ती नवी मुलगी यायला लागली आहे ना, तिला लागेल.

तुमचा,
वाऱ्याला दोष देणारा