सुगीच्या तोंडावरची खंडणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सायबर हल्ल्यांची चर्चा निघते तेव्हा ती बँका, वीजकेंद्रे आणि लष्कर यांच्याभोवती फिरते. शेतात लुटण्यासारखे काय असणार, असा सर्वसाधारण समज दिसतो. संगणकातील माहिती कुलूपबंद करून ती सोडवण्यासाठी पैसे मागणाऱ्या खंडणीखोर टोळ्यांचा हिशेब मात्र वेगळा आहे. उभे पीक, धारेची वेळ झालेली जनावरे आणि शीतगृहातला नाशवंत माल कोणासाठी आठवडाभर थांबत नाही, आणि अडला हरी कोणाचे पाय धरतो हे या टोळ्यांना पक्के ठाऊक असते.

मे २०२१ च्या अखेरीस जेबीएस या बलाढ्य मांसप्रक्रिया कंपनीचे अनेक कारखाने अशा हल्ल्यामुळे थांबले आणि कंपनीने १ कोटी १० लाख डॉलर मोजले. त्याच वर्षी सप्टेंबरात, मका-सोयाबीनची काढणी तोंडावर असताना, अमेरिकेच्या आयोवा राज्यातील न्यू को-ऑपरेटिव्ह या धान्य सहकारी संस्थेकडे ५९ लाख डॉलर मागण्यात आले. पुढे एप्रिल २०२२ मध्ये एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेने शेतीच्या सहकारी संस्थांना स्पष्ट इशारा दिला, की हल्लेखोर पेरणी आणि सुगीचाच मुहूर्त साधण्याची शक्यता आहे.

तरीही मला अधिक बोलकी वाटते ती स्वित्झर्लंडमधील एका गोठ्याची, २०२४ मध्ये वृत्तपत्रांत आलेली हकिकत. तेथील दूध काढणाऱ्या यंत्रमानवाची माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली. धारा काढण्याचे काम चालूच राहिले, पण जनावरांच्या प्रकृतीची जी माहिती यंत्राकडून मिळत असे ती बंद झाली. एका गाभण गाईचे वासरू पोटातच दगावल्याचे वेळेवर कळले नाही आणि अखेर गाईलाही वाचवता आले नाही. गाईकडे रोज स्वतः पाहण्याची सवय यंत्रावर सोपवली, की यंत्राची माहिती जाते तेव्हा पाहणारे कोणीच उरत नाही.

म्हणूनच केवळ पासवर्ड बदला, बॅकअप ठेवा, अनोळखी दुवा उघडू नका एवढ्या उपदेशाने (तो योग्यच आहे) भागणार नाही. इंटरनेट तुटले तरी पाण्याची झडप हाताने फिरवता आली पाहिजे, कोंबड्यांच्या बंदिस्त शेडमधले पंखे जागेवरच्या बटणाने चालू करता आले पाहिजेत आणि शीतगृहाचे तापमान तिथल्याच साध्या तापमापकावर दिसले पाहिजे. उन्हाळ्यात असे पंखे बंद पडले तर कंपनीचा तंत्रज्ञ येईपर्यंत पक्षी जगत नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये इस्राएलमध्ये सिंचन नियंत्रित करणाऱ्या यंत्रांवर हल्ला झाला, तेव्हा आधी मिळालेली सूचना मानून ज्या शेतकऱ्यांनी दूरस्थ जोडणी काढून ठेवली होती ते वाचले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

ही सोय करून देण्याची जबाबदारी शेतकऱ्यावर ढकलणे मला अन्यायाचे वाटते. यंत्रातील सॉफ्टवेअर त्याला उघडता येत नाही, दुरुस्तीही बहुधा कंपनीच्याच हातात असते, आणि दहा ठिकाणी तोच पासवर्ड घालून यंत्र बसवून जाणारा माणूसही विक्रेत्याचाच असतो. युरोपीय संघाच्या ‘एनआयएस-२’ या सायबर सुरक्षेविषयीच्या निर्देशात अन्नक्षेत्राचा समावेश झाला हे चांगलेच, पण त्याचा भर घाऊक वितरण आणि औद्योगिक प्रक्रिया करणाऱ्या मध्यम व मोठ्या उद्योगांवर आहे. लहान शेत आणि गोठा त्याच्या बाहेरच राहतात.

तेव्हा यंत्र हाताने चालवण्याची सोय आणि त्याच्या संपूर्ण आयुष्यभर सुरक्षा-सुधारणा पुरवण्याची हमी, या दोन गोष्टी विक्रीच्या अटीतच कायद्याने घालाव्यात. सहकारी संस्थांनीही, हंगाम नसताना वर्षातून एक दिवस सगळे संगणक बंद ठेवून माल मोजण्यापासून पशुखाद्य पोहोचवण्यापर्यंतचे काम कागदावर करून पाहावे आणि ते जिथे अडेल तिथली दुरुस्ती पेरणीपूर्वी उरकावी.

आपला,
एक वाचक