प्रणयकादंबऱ्यांच्या मालिकांना कमी लेखू नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रणयकादंबऱ्यांच्या मालिका म्हणजे रिकामपणाचे वाचन, असे सांगलीतील एका वाचनालयात मला नुकतेच ऐकवण्यात आले आणि ते मनाला लागले. वि. स. खांडेकरांच्या या जन्मगावी तरी प्रेमकथेला असे हिणवले जाऊ नये. १९०८ साली लंडनमध्ये सर्वसाधारण प्रकाशनसंस्था म्हणून सुरू झालेली ‘मिल्स अँड बून’ पुढे प्रणयकथांवरच उभी राहिली, ती वाचकांनी एकामागून एक पुस्तक मागितले म्हणूनच.

शेवटी दोघे एकत्र येणार हे ठाऊक असूनही आपण रात्री जागून वाचतो, कारण ओढ शेवटाची नसते. एकमेकांचा विश्वास दोघांनी कसा मिळवला, याची असते. मालिकेत ही ओढ आणखी वाढते. पहिल्या भागात चहाचा ट्रे घेऊन आलेली अबोल धाकटी बहीण तिसऱ्या भागाची नायिका होते, आणि आधीची जोडी संसारात रमलेली पुन्हा भेटते तेव्हा माहेरी गेल्यासारखे वाटते.

मी स्वतः अशी मालिका लिहीत आहे. पात्रांची वये, नाती, जुनी भांडणे वहीत टिपून ठेवावी लागतात. शिवाय दोघांमधला अडसर केवळ गैरसमजाचा न ठेवता स्वभावातून उभा करावा लागतो, आणि हेच सर्वांत कठीण आहे. वाचनालयांनी या मालिका क्रमाने, एकही भाग न गाळता ठेवाव्यात, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली