वहिनी, त्या दोन प्रश्नांसाठी थँक्यू

वहिनी,

तोंडावर बोलायला गेलं की तुम्ही "असू द्या हो भाऊजी" म्हणून चहा ठेवायला उठता, म्हणून इथं लिहितोय. सगळ्यांसमोर लिहितोय कारण गावात तुमची ओळख आशाताई, म्हणजे लसीकरण आणि बाळंतपण, एवढीच आहे, आणि माझ्यासाठी तुम्ही काय केलंत ते दादालाही पुरतं माहीत नाही.

मागच्या वर्षी मे महिन्यात तुम्ही 30 वर्षांवरच्या लोकांचे फॉर्म भरत होता. बीपी, शुगर, तंबाखू, कंबरेचा घेर. माझाही घेतलात, ओट्यावर बसून. त्यात ते दोन प्रश्न आले, गेल्या दोन आठवड्यात कामात रस वाटत नाही असं किती दिवस झालं आणि उदास, निराश वाटतंय असं किती दिवस झालं. मी "कधी कधी" म्हणलो. तुम्ही पेन खाली ठेवलंत. "भाऊजी, दोन महिने झालं तुमचा चहा गार होऊन ओतून द्यावा लागतोय. खरं सांगा." मग मी दोन्हीला "जवळजवळ रोज" म्हणलो. त्या उत्तराला तीन गुण, म्हणजे तीन आणि तीन सहा. तीनच्या वर गेलं की पुढं पाठवायचं असतं असं तुम्ही सांगितलंत, बीपी जास्त आलं तर सांगाल तसंच, त्याच आवाजात. तुम्ही रडला असता किंवा समजूत घालत बसला असता तर मी उठून गेलो असतो, खरंच.

तुम्हाला माहीत नव्हतं ते सांगतो. बँकेत कॅश काउंटरला बसलं की दुपारनंतर छातीत धडधड व्हायची, हाताला घाम, एकच बंडल चार-चारदा मोजायचो, मशीनवर मोजलेलं परत हातानं. दोनदा हार्ट अटॅकच आला म्हणून एका खाजगी दवाखान्यात पळालो, ईसीजी नॉर्मल, "गॅस आहे, टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी पाठवलं. टेन्शन घेऊ नका! ते कसं घ्यायचं नाही हे कुणी सांगितलंच नाही. आणि रात्री वाटायचं की झोपलो ते उठूच नये. हे पहिल्यांदा तुम्हालाच बोललो, आणि तुम्ही न दचकता विचारलंत की तसं काही करायचा विचार येतो का. आणि त्याच दिवशी माझ्या मोबाईलमधे 14416, म्हणजे टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनचा नंबर सेव्ह करून दिलात.

गुरुवारी तुमचा सर्व्हे बुडवून, कामाप्रमाणं मिळणारा मोबदला सोडून, एसटीनं माझ्यासोबत सातारला सिव्हिलला आलात. लाईनमधे ओळखीचं कुणी दिसलं तर काय सांगायचं म्हणून मी मान खाली घालून बसलेलो, तुम्ही निवांत शेंगा सोलत होता. डॉक्टरांनी आधी थायरॉईड आणि बी12 तपासायला सांगितलं, मग गोळी, 5 एमजीपासून. दोन ते चार आठवडे लागतील, सवय लागत नाही पण मनानं बंद करायची नाही, हे तीनदा सांगितलं. तरी आठव्या-नवव्या दिवशी मळमळ आणि कोरड्या तोंडाला वैतागून मी पाकीट कचऱ्यात टाकलं, ते तुम्ही काढून पुसून परत कपाटात ठेवलंत, एक शब्द न बोलता, आणि डॉक्टरांना फोन लावून दिलात. जेवणानंतर घ्या म्हणाले, मळमळ गेली.

गोळीनं झोप आली, पण डोकं ताळ्यावर आणलं ते समुपदेशक मॅडमनी. वहीत दोन रकाने पाडायला लावले, एकीकडं भीती, एकीकडं पुरावा. "कॅश शॉर्ट येणार, नोकरी जाणार" असं लिहिलं. पुरावा काय? 11 वर्षांत दोनदा शॉर्ट आली, एकदा 500 आणि एकदा 100, दोन्ही मी भरले आणि दुसऱ्या दिवशी काउंटरलाच बसलो. हे मला माहीतच होतं की, पण लिहून समोर बघितलं तेव्हा पटलं. मग बंडल दोनदाच मोजायचं, तिसऱ्यांदा हात गेला तरी थांबायचं, धडधड वाढते आणि काही मिनिटांत आपोआप उतरते हे बसून बघायचं. पहिला आठवडा लई जड गेला.

मधे पावसाळ्यात एका रात्री अडीचला तो 14416 लावला. पलीकडं मराठीतच बोलल्या त्या बाई, घाई न करता. तुम्हाला उठवलं नाही, पण तुम्हीच उठवल्यासारखं झालं.

आता गोळी चालूच आहे, बरं वाटायला लागल्यावरही सहा महिने तरी घ्यायची असते. चहा गरम असतानाच पितो हे तुम्ही बघताच आहात. पुढच्या गुरुवारी रिव्ह्यू आहे, या वेळी एकटा जाणार आहे, तुम्ही सर्व्हे बुडवू नका. येताना कंदी पेढे आणतो, आणि संध्याकाळी दादाला सगळं मीच सांगतो, तुम्ही फक्त शेजारी बसा.

तुमचा
भाऊजी