घाबरायचं कोणाच्या शरीराला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘द सबस्टन्स’ या चित्रपटावरचा लेख वाचला. भयपटात अखेर बाईची बाजू बाईनेच मांडली, म्हणून लेखकाने दिग्दर्शिका कोराली फार्जा यांचं कौतुक केलं आहे. ते रास्तच आहे. पन्नाशी गाठली म्हणून टीव्हीवरच्या व्यायामाच्या कार्यक्रमातून काढून टाकलेली एलिझाबेथ आरशासमोर मेकअप पुन्हापुन्हा पुसते आणि शेवटी ठरलेल्या भेटीला जातच नाही, हा प्रसंग साठीच्या डेमी मूरने असा केला आहे की अंगावर काटा येतो. रक्ताचा थेंबही न सांडता.

माझी तक्रार त्यापुढच्या भागाबद्दल आहे. एलिझाबेथ एक औषध घेते, तिच्या शरीरातून तरुण ‘सू’ बाहेर पडते, आणि दोघींनी आलटूनपालटून सात-सात दिवस जगायचं असतं. हा नियम मोडल्यावर आधी एलिझाबेथचं एक बोट सुकतं, मग गुडघा जातो, केस विरळ होतात, पाठीला कुबड येतं. शेवटी नववर्षाच्या कार्यक्रमात रंगमंचावर येतो तो नुसत्या गाठींचा, अवयव भलतीकडे फुटलेला देह. हा शेवटचा प्रकार सोडला, तर बाकी सगळं कुठल्याही सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत सकाळी रांगेत बसलेलं दिसेल. तिथे कोणी किंचाळत नाही. शेवटचा तो देह कानात डूल घालतो, उरलेले केस वळवतो, तेव्हा आपल्याला कळवळा यावा, असं दिग्दर्शिकेला वाटत असणार. तरी भीती विकली जाते ती त्या शरीराचीच. आणि ज्यांना बाजू मिळाली त्या दोघीही गोऱ्या नि सडपातळच.

भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात मी नोकरी केली. जखमा भरतात, प्रेशर गारमेंट (व्रण दाबून ठेवणारे घट्ट कपडे) घालून पेशंट घरी जातो, आणि गल्लीतली पोरं ‘भूत आलं’ म्हणून पळतात. भुताचा चेहरा असा असतो, हे पोरांना पडद्यानेच शिकवलेलं असतं. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये जाहीर केलं, की खलनायक दाखवण्यासाठी चेहऱ्यावर व्रण वापरणाऱ्या चित्रपटांना आम्ही पैसे देणार नाही. तेव्हा अनेकांना तो अतिरेक वाटला. मला वाटला नाही.

२०२५ च्या ऑस्करमध्ये रंगभूषेच्या विभागात ‘द सबस्टन्स’च्या शेजारी ‘अ डिफरंट मॅन’लाही नामांकन होतं. तोही शरीर बदलण्याचाच चित्रपट. चेहऱ्यावर गाठी असलेला एडवर्ड उपचार घेऊन देखणा होतो आणि मग नाटकात स्वतःचीच भूमिका मुखवटा चढवून करू लागतो. तेवढ्यात ऑस्वाल्ड येतो. त्याचाही चेहरा एडवर्डच्या जुन्या चेहऱ्यासारखाच, पण गडी मजेत गातो, गप्पा मारतो, आणि ती भूमिकाही घेऊन जातो. ऑस्वाल्ड झालेल्या ॲडम पिअरसनला न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा अंगावर गाठी येण्याचा आजार खरोखर आहे. त्याला रंगभूषेची गरज नव्हती. पारितोषिक ‘द सबस्टन्स’ला मिळालं. कारागिरी म्हणून त्याबद्दल वाद नाही, पण प्रतिनिधित्वावर लिहायचंच होतं, तर आपल्या लेखात या दुसऱ्या चित्रपटाला चार ओळी मिळायला हरकत नव्हती.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ॲसिड हल्ल्यातील पीडितांचाही समावेश आहे. ‘आंख मिचोली’ या हिंदी चित्रपटाविरुद्धच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये निकाल दिला. दिव्यांगांना हिणवणारा विनोद वेगळा आणि दिव्यांगत्व समजावून देणारा विनोद वेगळा, असं त्यात म्हटलं आहे. पडद्यावरच्या चित्रणात दिव्यांगांचा सहभाग हवा, हेही सांगितलं आहे. त्यावर जी थोडीफार चर्चा झाली ती विनोदाची. भयपटांना हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि हिंदी-मराठी मालिकांतल्या जळक्या चेहऱ्याच्या चेटकिणींना तर नाहीच नाही.

पुढच्या वेळी अशा चित्रपटावर लिहून घ्याल, तेव्हा भाजल्याचे किंवा कोडाचे डाग अंगावर वागवणाऱ्या एखाद्या वाचकाला विचारावं, ही विनंती. त्यांना चित्रपट माझ्यापेक्षा जास्त आवडेलही. लिहिणारे माझ्या ओळखीत आहेत. त्यांची तयारी असेल, तर मी गाठ घालून देईन.

– एक निवृत्त परिचारिका, मिरज
(कृपया नाव छापू नये.)